सिलिंडरचे ‘मिसिंग’ आणि त्याचे निदान : एका अनुमानपद्धतीचा इतिहास

१

पेट्रोलवर चालणाऱ्या चार-धावी इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते व मिश्रण पेटते. मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असतील तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात एकंदर १०० वेळा ज्वलन होते. यांपैकी एखादे ज्वलन झालेच नाही, किंवा अर्धवट झाले, तर इंजिन अडखळते, शक्ती घटते आणि न जळलेले इंधन धुराड्यावाटे बाहेर पडते. या दोषाला इंग्रजीत ‘मिसफायर’ म्हणतात. आपल्याकडील गॅरेजांत त्यालाच ‘मिसिंग’ असे नाव आहे.

मिसिंगच्या निदानात दोन प्रश्न असतात. दोष कोणत्या सिलिंडरात आहे, हा पहिला; आणि तो कशामुळे उत्पन्न झाला, हा दुसरा. पहिला प्रश्न स्थानाचा, दुसरा कारणाचा. मोटारींच्या इतिहासावरील ग्रंथांत या निदानाची हकीकत बहुधा उपकरणांच्या प्रगतीची हकीकत म्हणून सांगितली जाते : आधी कान, मग मापके, मग दोलनदर्शक, आणि अखेरीस संगणक. हा क्रम चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. साधने बदलत गेली तरी त्यांच्यामागील तर्काची रीत जवळजवळ तीच राहिली. आणि स्थानाचे ज्ञान जितके सुलभ झाले तितके कारणाचे ज्ञान झाले नाही, हे त्या हकीकतीतून निसटून जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा विचार केला आहे.

२

इंजिनाच्या आरंभीच्या काळात ज्वलन ही सर्वांत अवघड समस्या होती. एत्येन लनवार याने १८६० साली तयार केलेल्या वायुइंजिनात विजेच्या ठिणगीचा उपयोग केला होता. परंतु ती व्यवस्था बेभरवशाची ठरली. निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चार-धावी इंजिन सिद्ध केले तेव्हा त्याने ठिणगी टाळून प्रत्यक्ष ज्योतीचा आश्रय घेतला. सरकत्या झडपेतून ज्योत क्षणभर सिलिंडरात शिरे आणि मिश्रण पेटे. डाइमलर आणि मायबाख यांनी बाहेरून तापवलेली नळी वापरली. तीत ठिणगी चुकण्याचा प्रश्न नव्हता, पण ज्वलनाचा नेमका क्षण ठरवण्याची सोयही नव्हती. कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडीत विद्युत्‌घट आणि थरथरणारी कॉइल बसवून पुन्हा ठिणगीकडे वळण्याचे धाडस केले.

या गाडीला एकच सिलिंडर होता. त्यामुळे दोष कोठे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्वलन चुकले की गाडी थांबे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ हिने आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत केलेल्या प्रवासाची कथा प्रसिद्ध आहे. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली आणि उघडी पडलेली ठिणगीची तार मोज्याच्या बंधाने वेष्टिली, असे परंपरेने सांगितले जाते. या कथेतील दोन घटना दोन कारणकुलांच्या आहेत. एक इंधनाचे, दुसरे ठिणगीचे. तिसरे कुल दाबाचे. म्हणजे झडपा, पिस्टनच्या रिंगा आणि गॅसकेट यांचे. इंधन, ठिणगी आणि दाब या त्रयीबाहेर मिसिंगचे कारण सहसा सापडत नाही. इंधनाच्या कुलात हवेचे प्रमाणही अभिप्रेत आहे, आणि त्याचप्रमाणे ठिणगीच्या कुलात तिचा क्षणही.

ठिणगी विश्वसनीय करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रॉबर्ट बॉश याच्या स्टुटगार्ट येथील कारखान्याला जाते. १८८७ मध्ये तेथे एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार झाला. १८९७ मध्ये तो मोटारगाडीला जुळवण्यात आला. आणि १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला अनुरूप प्लग सिद्ध केला. यानंतर अनेक सिलिंडरांची इंजिने व्यवहार्य झाली, आणि त्यांच्याबरोबरच ‘कोणता सिलिंडर?’ हा प्रश्न जन्माला आला.

या दोषाला मिळालेली नावेही लक्षणीय आहेत. इंग्रजी ‘मिसफायर’ हा शब्द मुळात बंदुकीचा आहे. चाप ओढला पण बार उडाला नाही, असा त्याचा अर्थ. फ्रेंचमधील ‘राते’ हा शब्दही बंदुकीच्या परिभाषेतूनच इंजिनाकडे आला. दोन्ही भाषांना सिलिंडरात बंदुकीची नळी दिसली. मराठी बोलीतील ‘मिसिंग’ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतील प्रयोगाशी जुळणारा आहे. इंजिन एका सिलिंडरवर ‘मिस’ करीत आहे, असे त्या पुस्तकांत म्हटले जाई. ते धातुसाधित आपल्याकडे नाम झाले आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘मारणे’ ही क्रियापदे जोडली गेली : ‘गाडी मिसिंग करते’, ‘गाडी मिसिंग मारते’. आजच्या लिखित इंग्रजीत ‘मिसफायर’ हा शब्द रूढ असताना मराठी गॅरेजात जुना प्रयोग जिवंत आहे.

३

निदानाची पहिली पूर्ण विकसित पद्धत फोर्डच्या मॉडेल टी या गाडीबरोबर सर्वसामान्य मालकापर्यंत पोचली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांतील फार मोठा भाग कारागिरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती होता. या गाडीत चार सिलिंडरांसाठी चार स्वतंत्र कॉइली असत. त्या चालकासमोरील फळीवर एका लाकडी पेटीत बसवलेल्या असून प्रत्येकीच्या माथ्यावर एक थरथरणारी पट्टी असे. त्या त्या सिलिंडरची पाळी आली की ती पट्टी गुणगुणू लागे.

मालकांसाठी छापलेल्या पुस्तिकेत दोषी सिलिंडर शोधण्याची कृती दिली होती. इंजिन बऱ्यापैकी वेगात ठेवून पहिल्या व चौथ्या कॉइलीच्या पट्ट्या बोटांनी दाबून धराव्या. त्यामुळे ते दोन सिलिंडर बंद पडून फक्त दुसरा व तिसरा चालू राहतात. हे दोन नियमित चालले, तर दोष पहिल्यात किंवा चौथ्यात आहे. मग चौथ्याची पट्टी सोडून बाकीच्या तिन्ही दाबाव्या. एकटा चौथा नीट चालला, तर दोषी पहिला ठरतो. स्थान निश्चित झाल्यावर प्लग आणि कॉइलीची पट्टी तपासावी. ती दोन्ही ठीक असतील तर झडप नीट बसत नसण्याचा, अथवा प्रवाह वाटणाऱ्या कम्युटेटरमधील झिजेचा किंवा त्याच्या तारांतील दोषाचा संशय घ्यावा. झडपेची परीक्षा हँडलने होई. इंजिन हँडलने सावकाश फिरवले असता प्रत्येक सिलिंडरचा प्रतिकार हाताला जाणवतो. ज्याचा प्रतिकार दुबळा, त्याचा दाब गळत आहे.

या कृतीमागील तर्क भारतीय शास्त्रपरंपरेला अपरिचित नाही. एक असता दुसरे असते, हा अन्वय. एक नसता दुसरे नसते, हा व्यतिरेक. पतंजलीने महाभाष्यात प्रकृती आणि प्रत्यय यांचे अर्थ पृथक् करताना हीच रीत वापरली आहे. शब्दाचा एक अंश बदलून पाहावा आणि अर्थाचा कोणता अंश बदलतो, कोणता टिकतो, हे न्याहाळावे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात याच दोन रीतींना आधुनिक विज्ञानाच्या परिभाषेत स्थान दिले. बोटाने पट्टी दाबणारा शेतकरी यांपैकी काहीही न वाचता तेच करीत होता. ज्याला काढल्याने इंजिनाची चाल घसरते तो सिलिंडर काम करीत होता. ज्याला काढूनही काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच मृत होता. परिणामाचा अभाव हेच येथे लिंग आहे. मिसिंगच्या निदानात यानंतर जे जे आले त्याच्या मुळाशी ही एकच कल्पना आढळते.

४

मॉडेल टी विक्रीत अग्रेसर असतानाच तिची ज्वलनव्यवस्था जुनी होत चालली होती. चार्ल्स केटरिंग याने १९०९ मध्ये डेटन येथे स्थापन केलेल्या ‘डेल्को’ या संस्थेने कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांसाठी निराळी योजना पुरवली. तीत कॉइल एकच; तिच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह संपर्कबिंदू उघडताच खंडित होई आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होई; फिरता वितरक तो दाब ज्याच्या त्याच्या प्लगकडे पाठवी. हीच रचना पुढे सुमारे साठ वर्षे सर्वत्र प्रमाण ठरली. तिचा प्रभाव इतका की, स्पॅनिश भाषेत ‘डेल्को’ हे संस्थेचे नाव वितरकाचे सामान्यनाम होऊन बसले.

नव्या रचनेने पुराव्याचे स्वरूप बदलले. कॉइल आणि संपर्कबिंदू सर्व सिलिंडरांना समाईक. तार आणि प्लग प्रत्येकाचे वेगळे. म्हणून सर्वच सिलिंडर अधूनमधून चुकत असतील तर कारण समाईक भागात शोधावे, आणि एकच ठरावीक चुकत असेल तर त्याच्या खासगी भागात, असा नियम तयार झाला. पट्टी दाबण्याऐवजी मिस्त्री लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगचा विद्युत्‌मार्ग इंजिनाशी जोडू लागला, किंवा एकेक तार उपसून आवाजातील फरक ऐकू लागला. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहण्याची विद्याही याच काळात परिपक्व झाली. फिकट तपकिरी टोक आरोग्याचे, कोरडी काजळी अतिसमृद्ध मिश्रणाची, ओलसर काळे तेल झिजलेल्या रिंगांचे अथवा झडपेच्या वाहकनळीचे, आणि पांढरे पडलेले, पोळलेले टोक अतिउष्णतेचे. टेट्राएथिल शिसे १९२३ पासून पेट्रोलात मिसळले जाऊ लागल्यावर त्यात शिशाच्या थरांची भर पडली. हे थर तापले असता विद्युत्‌वाहक होऊन ठिणगीला आडवाट देतात.

या विद्येत एक सापळाही होता. प्लग बाहेर काढून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून, ठिणगी पडते की नाही हे पाहण्याची रीत अजूनही सर्वत्र आढळते. तीत ठिणगी दिसली की प्लग निर्दोष, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु फ्रीड्रिख पाशेन याने १८८९ मध्येच दाखवून दिले होते की, वायूतून ठिणगी पडण्यास लागणारा विद्युत्‌दाब हा वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सिलिंडरात मिश्रण दाबले गेल्यावर ठिणगीला मोकळ्या हवेतल्यापेक्षा कितीतरी अधिक दाबाची गरज असते. मोकळ्या हवेत टवटवीत दिसणारी ठिणगी सिलिंडरात पडेलच असे नाही. तडा गेलेल्या चिनी मातीतून किंवा तारेच्या जीर्ण वेष्टनातून ती आडमार्गाने निसटते. म्हणून चढावर किंवा ओझ्याखाली मिसिंग करणारी गाडी उभ्याने तपासली असता पुष्कळदा निर्दोष आढळते. येथे निरीक्षण खोटे नसते. निरीक्षणाची परिस्थिती निराळी असल्यामुळे अनुमान खोटे ठरते.

दाबाच्या कुलासाठी मापक आले, तरी त्यातही तर्काची तीच पायरी राहिली. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला तर प्लगच्या छिद्रातून थोडे तेल आत सोडून पुन्हा मोजमाप करतात. दाब वाढला, तर तेलाने रिंगांची फट बुजवली असे समजून दोष रिंगांचा मानतात. वाढला नाही, तर झडपेचा किंवा गॅसकेटचा.

५

कान आणि हात यांची मर्यादा मोटारीपेक्षा विमानाने अधिक स्पष्ट केली. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या आर-४३६० या इंजिनात २८ सिलिंडर आणि प्रत्येकी दोन याप्रमाणे ५६ प्लग होते. अशी सहा इंजिने वाहणाऱ्या बी-३६ या बॉम्बफेकी विमानात प्लगांची संख्या ३३६ भरे. त्यांतील एक चुकला तर तो आवाजावरून ओळखणे अशक्य, आणि सगळे काढून पाहणे म्हणजे विमान दीर्घकाळ जमिनीवर ठेवणे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विमानांत इंजिन-विश्लेषक बसवले गेले. त्याच्या पडद्यावर अभियंता उड्डाण चालू असतानाच एकेका प्लगचा विद्युत्‌तरंग पाहू शके. १९५० नंतरच्या दशकात हेच तत्त्व दोलनदर्शकाच्या रूपाने अमेरिकेतील मोठ्या गॅरेजांत उतरले.

पडद्यावर प्रत्येक ठिणगीची एक उभी रेषा व तिच्यामागून एक आडवी रेषा उमटे. उभीची उंची म्हणजे ठिणगी पडण्यास लागलेला दाब, आडवीची लांबी म्हणजे ती टिकली तो काळ. चार सिलिंडरांच्या रेषा शेजारी शेजारी मांडल्या की विषम कोणती, हे नजरेने कळे. यंत्र प्रथमच स्थान दाखवू लागले. परंतु कारण? उभी रेषा फार उंच असेल तर प्लगची फट वाढलेली असेल, तार तुटलेली असेल, किंवा मिश्रण पातळ असेल. ती फार बुटकी असेल तर प्लगवर थर साचला असेल, अथवा सिलिंडरचा दाबच कमी असेल. कारण पाशेनच्या नियमाप्रमाणे दाब कमी तर ठिणगीही स्वस्त. म्हणजे एकच चिन्ह ठिणगीच्या कुलाचे असू शकते आणि दाबाच्या कुलाचेही. अर्थ लावण्याचे काम पाहणाऱ्याकडेच राहिले.

६

१९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक बसवला जाऊ लागला आणि मिसिंगचे सामाजिक स्थान पालटले. तोपर्यंत तो मालकाचा खासगी त्रास होता. आता न जळलेले मिश्रण परिवर्तकात जाऊन तेथे जळू लागले. उष्णता वाढून त्याची मधाच्या पोळ्यासारखी मातीची जाळी वितळू शके, आणि परिवर्तक निकामी झालेली गाडी पुढे वर्षानुवर्षे सार्वजनिक हवा दूषित करीत राही. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या वायुसंरक्षण मंडळाने १९८९ मध्ये मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या नियमांत, गाडीने आपले मिसिंग स्वतः ओळखले पाहिजे, अशी अट घातली. १९९६ पर्यंत ही व्यवस्था अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. भारतात तिची दुसरी अवस्था २०१३ च्या एप्रिलपासून सुरू झाली.

गाडी हे कसे ओळखते, हे पाहण्याजोगे आहे. क्रँकशाफ्टवर दाते असलेले चक्र असते. बहुधा साठ दात्यांच्या जागा आणि त्यांतील दोन गाळलेल्या. संवेदक दाते मोजतो आणि गाळलेल्या जागेवरून फेरीचा आरंभ जाणतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एका ज्वलनाचा धक्का मिळतो. धक्का चुकला तर त्या अर्ध्या फेरीला किंचित अधिक वेळ लागतो. हा वेळ शेजारच्या अर्ध्या फेऱ्यांशी ताडून संगणक सिलिंडर निश्चित करतो. परिवर्तकाला धोका पोचेल इतके मिसिंग आहे की नाही, हे दर २०० फेऱ्यांच्या हिशेबाने, आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडली जाते की नाही, हे दर १,००० फेऱ्यांच्या हिशेबाने ठरते. पहिल्या प्रसंगी चालकासमोरील दिवा उघडझाप करतो. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हेलकावे क्रँकशाफ्टपर्यंत पोचून खोट्या मिसिंगचा भास होतो. तो वगळण्यासाठी निराळी व्यवस्था करावी लागली. थोडक्यात, जे कान ऐकत होता तेच संवेदक मोजू लागला. चालीतील खंड हेच दोहोंचे लिंग.

७

मुंबईशी या इतिहासाचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना तेथे १९२८ मध्ये सुरू झाला आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. एक कॉइल, एक वितरक आणि चार तारा असलेली ही गाडी अनेक मिस्त्र्यांची पाठशाळा होती. मुंबईच्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर चालू लागल्यावर त्या पाठशाळेत नवा धडा आला. वायूच्या मिश्रणात ठिणगी पडण्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो. म्हणून पेट्रोलवर नीट चालणारी गाडी वायूवर घेताच मिसिंग करू लागे, आणि वायुयंत्रणेवर ठेवलेला ठपका वस्तुतः जुन्या तारांचा किंवा रुंदावलेल्या फटीचा असे.

आजच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. म्हणजे एका अर्थी मॉडेल टीचीच रचना परत आली. यंत्र जोडले की पडद्यावर संकेतांक उमटतो. ‘पी ०३००’ म्हणजे अनिश्चित मिसिंग, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्याचे. हा संकेतांक स्थानवाचक आहे, कारणवाचक नाही. तरीही तो कारणवाचक समजून कॉइल बदलली जाते, मग प्लग, मग इंधन फवारणारा इंजेक्टर, आणि मालकाचा पैसा व चांगले सुटे भाग दोन्ही वाया जातात. दोष जर जळालेल्या झडपेचा असेल तर यांपैकी कशानेही तो जात नाही.

शहाणा मिस्त्री मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी अदलाबदल करतो. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवून गाडी चालवतो. संकेतांक ‘पी ०३०२’ चा ‘पी ०३०३’ झाला, तर दोष कॉइलीबरोबर चालत गेला, तो कॉइलीचाच. संकेतांक जागचा हलला नाही, तर कॉइल निर्दोष. मग तीच परीक्षा प्लगची, नंतर इंजेक्टरची. आणि हलवता येण्यासारखे सर्व हलवूनही दोष त्याच जागी राहिला, तर दाबाचे मापक. वस्तू जेथे जाते तेथे दोष जातो, हा अन्वय. वस्तू काढल्यावर दोषही उरत नाही, हा व्यतिरेक. शंभर वर्षांपूर्वी लाकडी पेटीवर ठेवलेल्या बोटांना जे साधत होते, त्याचीच ही पुढची पायरी.

या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. यंत्राने निरीक्षणाचा भार मोठ्या प्रमाणात उचलला आहे, आणि ते इष्टच झाले. सेकंदाला शंभर ज्वलनांतून एक चुकलेले टिपणे मानवी कानाच्या शक्तीबाहेरचे होते. परंतु निरीक्षणाला नाव मिळाले म्हणजे त्याचे स्पष्टीकरण मिळाले, ही समजूत यंत्राने दृढ केली असून ती घातक आहे. संकेतांक वाचता येणे आणि दोष कळणे यांत जे अंतर आहे ते आजही अनुमानानेच ओलांडावे लागते. गॅरेजांतील तरुणांना यंत्र वाचण्याबरोबर ही अदलाबदलीची शिस्त शिकवली गेली नाही, तर मिस्त्रीचे काम सुटे भाग बदलण्यापुरते उरेल. आणि एक जुनी, छापील ग्रंथांत फारशी न उतरलेली तर्कविद्या आपल्या डोळ्यांदेखत लुप्त होईल.